पझेशनच्या आधी स्वतंत्र इन्स्पेक्टर लावावा का? आणि त्याच्याकडून नेमकं काय तपासून घ्यायचं?

मोशी_अकरावा_मजला

नमस्कार मंडळी. मोशीत २ बीएचके घेतला आहे. अकरावा मजला, मायवनचं बांधकाम (ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीटच्या भिंती ओततात ते). भोगवटा प्रमाणपत्र मागच्या महिन्यात आलं. शेवटच्या ५ टक्क्यांचं डिमांड लेटर आणि पझेशनची नोटीस एकदमच हातात पडली, १५ दिवसांत ताबा घ्या म्हणून.

इन्स्पेक्शन करून देणाऱ्या दोन जणांकडून कोटेशन घेतलं. एकाने थर्मल कॅमेरा, मॉइश्चर मीटर (ओल मोजणारा), रिबाउंड हॅमर (ठोकून काँक्रीटची मजबुती अजमावणारा) अशी यंत्रांची जंत्री दिली. दुसऱ्याकडे यंत्रं फारशी नाहीत, पण चेकलिस्ट लांबलचक आहे. घरच्यांचं म्हणणं, ओळखीच्या मिस्त्रीला दाखवू, पैसे कशाला घालवायचे. कर्ज देणाऱ्या बँकेचा इंजिनिअर तर पाहून गेलाच आहे.

विचारायचं एवढंच:
१. हा खर्च करण्यात अर्थ आहे का, आणि दोघांपैकी निवडायचा कसा?
२. पाऊस संपलाय, मग गळती कळणार कशी?
३. बिल्डरच्या ऑफिसात सांगितलं की बाहेरचा माणूस साइटवर चालणार नाही. त्यांना तसं म्हणता येतं का?
४. करारात कार्पेट ६२ चौ. मी. आहे, ते कसं मोजायचं?

---

साइट_सिव्हिल

आधी बँकेच्या इंजिनिअरचं. तो काम किती टक्के झालं आणि मालमत्तेची किंमत किती एवढंच बघतो, कारण हप्ता सोडायचा की नाही हे बँकेला ठरवायचं असतं. बाथरूमचा उतार, लाद्या, अर्थिंग याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

खर्चात अर्थ आहे, पण एका अटीवर. तपासणीच्या दिवशी फ्लॅटमध्ये वीज आणि नळाला पाणी दोन्ही चालू हवं. कोरड्या, अंधाऱ्या फ्लॅटमध्ये कितीही मोठा तज्ज्ञ आणला तरी तो रंगाचे डाग आणि चरे मोजून परत जाईल. मीटर बसला नसेल तर निदान तात्पुरती लाइन द्या, आणि ओव्हरहेड टाकीतून तुमच्या डक्टमधल्या (पाइपांच्या उभ्या बोळातल्या) पाइपला पाणी सोडा, हे बिल्डरला आधी मेलवर कळवा.

आता यंत्रांची जंत्री. रिबाउंड हॅमर पुट्टी मारलेल्या भिंतीवर ठोकून येणारा आकडा कामाचा नाही, त्याला उघडं, घासून साफ केलेलं काँक्रीट लागतं. तुमची पुट्टी खरवडू देणार आहात का? नाही ना, मग त्या चाचणीचे पैसे देऊ नका. इमारतीच्या मजबुतीचा प्रश्न वेगळा. तो ड्रॉइंग, क्यूब टेस्टचे (काँक्रीटचे ठोकळे दाबून केलेल्या चाचणीचे) रिपोर्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला यांवरून सोडवायचा, एका फ्लॅटच्या पाहणीतून नाही.

मॉइश्चर मीटर उपयोगी आहे, पण त्याचे आकडे लाकडासाठी बेतलेले असतात. पुट्टीवर '२२ टक्के' म्हणजे खरंच २२ टक्के पाणी, असं नव्हे. त्याच भिंतीवर पाच-सहा ठिकाणी वाचायचं आणि तुलना करायची. सगळीकडे सारखंच चढं असेल तर नवं काम अजून सुकतंय. एका कोपऱ्यातच चढं आणि बाकी कोरडं असेल तर तिथे पाणी येतंय. मायवनमध्ये भिंतीत सळई असते, त्यामुळे पिना नसलेला, नुसता टेकवायचा मीटर सळईवर उगाच जास्त दाखवतो. पिनांचा मीटर आहे का, ते विचारा.

मायवनमध्ये मी सर्वांत आधी बाहेरच्या भिंती आतून बघायला सांगेन. फॉर्मवर्क बांधायला भिंतीतून आरपार टाय जातात, ते काढल्यावर भोकं राहतात. ती न आकसणाऱ्या ग्राउटने पूर्ण खोलीपर्यंत भरायची असतात. पुष्कळदा तोंडाशी सिमेंट फासून वरून पुट्टी ओढलेली असते. मग पहिल्या जोरदार पावसात भिंतीवर सारख्या अंतरावर, एका रांगेत ओलीचे गोल डाग उमटतात. डाग असे ओळीत दिसले की टायच्या भोकांवर संशय घ्यायचा. दुसरी जागा म्हणजे स्लॅब आणि भिंतीचा सांधा, फरशीपासून वीतभर उंचीपर्यंत. तिसरी, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी चीर. मायवनमध्ये ती बहुतेक आकसण्याची असते, इमारत पडायची नाही. पण बाहेरच्या भिंतीत ती आरपार असेल तर पाणी आणते, म्हणून तिची रुंदी आणि लांबी लिहून फोटो काढायचा. नुसतं 'क्रॅक आहे' लिहिलं की बिल्डरचा माणूस पुट्टी मारतो आणि 'क्लोज्ड' करून टाकतो.

लाद्या. लोखंडी सळईच्या गोल टोकाने प्रत्येक लादी पाच ठिकाणी वाजवायची, चार कोपरे आणि मध्य. बद्द आवाज आला की खाली माल नाही. मध्यभागी थोडी पोकळ असेल आणि कोपरे भरीव असतील तर मी एक वेळ सोडून देईन. कोपरा पोकळ असेल, आणि ती लादी दाराच्या वाटेत किंवा कपाटाच्या पायाखाली येणार असेल, तर बदलूनच घ्यायची, ती फुटणारच. भिंतीवरच्या मोठ्या लाद्या चार टिपके माल लावून चिकटवल्या असतील तर त्यांच्या मागच्या पोकळीत पाणी साचतं आणि नंतर त्या निखळतात. आणि एक, लादी बदलायला सांगताना त्याच बॅचच्या दोन-तीन पेट्या जास्तीच्या मागून घ्या. दोन वर्षांनी तोच शेड मिळत नाही.

भिंतीला २ मीटरची सरळ पट्टी लावायची. ५ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर नोंद. बाकी खोल्यांत ते खपून जातं, पण स्वयंपाकघराचा कोपरा गुण्यात (काटकोनात) नसेल तर ओटा, ट्रॉल्या आणि वरची कपाटं सगळी वाकडी बसतात. तो कोपरा तरी गुण्या लावूनच बघा.

---

कोबा_आणि_ट्रॅप

पावसाळा नसला तर पाणी आपण आणायचं.

बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपचं (फरशीतल्या, पाणी वाहून जायच्या जाळीखालच्या भांड्याचं) तोंड प्लगने बंद करून उंबऱ्याच्या खालपर्यंत, साधारण २५ मिमी पाणी भरा. ५ फूट बाय ८ फुटांच्या बाथरूमला ते जेमतेम ९० लिटर होतं, स्लॅबवर भार येईल ही सबब कोणी पुढे केली तर ऐकू नका. पेन्सिलने भिंतीवर पाण्याची रेघ मारा, ४८ तास राहू द्या. बिल्डर २४ तास म्हणेल. तेवढ्याने भागत नाही, कारण बाथरूमखालचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्यात विटांचा किंवा हलक्या मालाचा भराव असतो. लादीच्या खाचेतून झिरपलेलं पाणी आधी तो भराव पितो, मग खाली येतं. एक-दोन मिमी पातळी उतरली तर ती बाष्पाने गेली म्हणायची, १० मिमी उतरली तर पाणी कुठेतरी मुरतंय.

नुसती रेघ बघून थांबू नका. खालच्या मजल्याच्या बाथरूमचं छत, डक्टमधली भिंत आणि शेजारच्या बेडरूमची बाथरूमला लागून असलेली भिंत बघायची. थर्मल कॅमेरा खरा उपयोगी इथे आहे. ओला भाग बाष्पामुळे थंड पडतो आणि कॅमेऱ्यात वेगळा दिसतो. आधी पाणी न भरता, बंद खोलीत कॅमेरा फिरवला तर सगळीकडे एकच रंग. म्हणून जो माणूस पहिल्या भेटीतच अर्ध्या तासात कॅमेरा फिरवून 'ओल नाही' असं लिहून देतो, त्याचं ते वाक्य रिपोर्टमध्ये धरू नका. खालचा फ्लॅट कोणी आधीच घेऊन तिथे फॉल्स सीलिंग केलं असेल तर अडचण, म्हणून सुपरवायझरला चावी आधी मागा.

उतार: मीटरला १० ते १२ मिमी. बादलीभर पाणी ओतून दहा मिनिटांनी बघा, कोपऱ्यात किंवा कमोडच्या मागे डबकं राहता कामा नये. बाथरूमची फरशी खोलीच्या फरशीपेक्षा १२ ते २० मिमी खाली हवी.

ट्रॅपची जाळी काढून हात घाला. सिमेंटची लापशी, गोणपाटाचा तुकडा, विटेचा रोडा यांतलं काहीतरी निघतंच. मग दोन्ही कमोड एकदम फ्लश करा आणि कान ट्रॅपकडे ठेवा. गुडगुड आवाज आला किंवा ट्रॅपमधलं पाणी ओढलं गेलं तर हवेचा पाइप नाही किंवा बंद आहे. ट्रॅपमध्ये ५० मिमी पाण्याचं सील हवं, ते ओढलं गेलं की घरात गटाराचा वास येत राहतो आणि लोक फिनेल ओतत बसतात.

खिडक्या. अकराव्या मजल्यावर बाहेरून फवारा मारता येत नाही. पण स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओता. ट्रॅकला बाहेरच्या बाजूला पाणी जायची भोकं असतात, बऱ्याचदा ती सिलिकॉनने बुजवलेली किंवा पाडलेलीच नसतात. पाणी बाहेर जातं की आत सांडतं ते लगेच कळतं. खिडकीखालची ग्रॅनाइटची पट्टी बाहेरच्या बाजूला उतरती हवी, तिच्यावर गोटी ठेवून बघा. पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या खिडक्यांना जास्त वेळ द्या, आपल्याकडे पावसाचा मारा तिकडूनच येतो.

पाण्याच्या बंद पाइपांसाठी: सगळे नळ बंद करून मुख्य व्हॉल्व्हनंतरच्या एखाद्या नळाला प्रेशर गेज लावा, दाब द्या, व्हॉल्व्ह बंद करून तासभर थांबा. काटा उतरला तर भिंतीत कुठेतरी गळतंय. आणि गरम-थंड लाइन उलट जोडलेली असणं हा तर नित्याचा प्रकार.

---

वायरमन_परवानाधारक

विजेचं सांगतो, कारण इन्स्पेक्शनवाले इथे हमखास घाई करतात. तीन दिव्यांचा प्लग घेऊन फिरतात, दोन हिरवे दिवे लागले की 'ओके' लिहितात. तो प्लग अर्थ नाही, फेज-न्यूट्रल उलटे आहेत, एवढं दाखवतो. पण सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून ठेवले असतील तर तो तरीही 'ओके'च दाखवणार. हा जुगाड कुठे केला आहे हे शोधायचं तर आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) बंद करून सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटरने कंटिन्युइटी बघायची. बीप वाजता कामा नये. वाजली तर तिथे जोड आहे, नाहीतर आरसीसीबीच बायपास केलेला आहे. गिझरच्या पॉइंटला हे आवर्जून करा, शॉक बसायची जागा तीच.

आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा हवा. टेस्टचं बटण दाबून पडतो, एवढं पुरत नाही. बटण आतल्या आत फिरणारं सर्किट आहे, घरातल्या अर्थिंगशी त्याचा संबंध नाही. प्लगमध्ये लावायचा आरसीसीबी टेस्टर मिळतो, ३० मिलिअँपिअरला तो ०.३ सेकंदाच्या आत पडायला हवा.

डीबी (घरातल्या स्विचांची मुख्य पेटी) उघडून तारा बघा. दिव्यांना १.५ चौ. मिमी, सॉकेटला २.५, एसीला ४, हा सर्रास हिशेब. २.५ च्या तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) दिसला तर सरळ बदलायला सांगा. तिथे तार आधी तापेल आणि एमसीबी शांत बसून राहील.

मेगरची (तारांचं इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राची) चाचणी मागा: ५०० व्होल्ट डीसी, फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून अर्थच्या विरुद्ध. किमान १ मेगाओहम चालतो, पण नव्या कोरड्या वायरिंगला तो कितीतरी जास्त येतो. नव्या फ्लॅटमध्ये आकडा १-२ वर अडकला तर पाइपमध्ये पाणी आहे किंवा तार कुठेतरी चेपली आहे. मायवनमध्ये पाइप स्लॅबच्या काँक्रीटमध्येच टाकलेले असतात, नंतर फोडून काढता येत नाहीत, म्हणून हे आत्ताच कळलेलं बरं. चाचणीआधी एलईडी दिवे, पंख्याचे रेग्युलेटर सोडवून ठेवायला सांगा, नाहीतर ते जळतील आणि वाद वेगळाच सुरू होईल.

---

करारनामा_वाचा

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं.

बाहेरचा माणूस चालणार नाही, असं तुमच्या करारात कुठे लिहिलंय ते कलम दाखवा, म्हणून मेल टाका. बहुधा नसतंच. सोबत साध्या कागदावर अधिकारपत्र जोडा: अमुक तारखेला, अमुक वेळेत, माझ्या वतीने अमुक इंजिनिअर फ्लॅट पाहतील, मी हजर असेन. हेल्मेट, गेटवरची नोंद या त्यांच्या अटी मान्य करा. तोंडी 'नाही' म्हणणारे लेखी 'नाही' द्यायला सहसा तयार होत नाहीत.

वेळेचा हिशेब नीट समजून घ्या. मॉडेल करारात (रेराच्या नियमांतल्या नमुना करारात) नोटिसीनंतर १५ दिवस असतात. रेरा कायद्याच्या (घरखरेदीदारांसाठीचा रिअल इस्टेट कायदा) कलम १९(१०) प्रमाणे भोगवटा प्रमाणपत्रानंतर दोन महिन्यांत ताबा घेणं हे ग्राहकाचं कर्तव्य आहे. शेवटचा हप्ता अडवून ठेवलात तर त्यावर व्याज लागू शकतं. म्हणून नोटीस आल्या आल्या तपासणीची तारीख मागायची, यादी द्यायची आणि हे सगळं मेलवर ठेवायचं. पैसे दाबून गप्प बसलात तर कागदोपत्री चूक तुमची ठरते.

ताबापत्रात बहुधा एक ओळ असते: 'सदनिका तपासून घेतली, माझं पूर्ण समाधान झालं आहे, कसलीही तक्रार नाही.' ती खोडा, किंवा 'सोबतच्या यादीतील बाबी वगळून' असं लिहून यादी परिशिष्ट म्हणून जोडा आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या. कलम १४(३) खाली ताब्यापासून पाच वर्षांत दाखवून दिलेला स्ट्रक्चरचा, कारागिरीचा, दर्जाचा किंवा सेवांचा दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. त्या एका ओळीने हा हक्क जात नाही, पण पुढे 'तेव्हा तर समाधानी होता' हा मुद्दा त्यांच्या हातात आयता जातो. शिवाय बऱ्याच करारांत ग्राहकाने फेरफार केला तर बिल्डर जबाबदार नाही असं कलम असतं. इंटीरिअरवाल्याने बाथरूमची एक लादी जरी काढली तरी गळतीचं खापर तुमच्यावर फुटू शकतं. इंटीरिअर सुरू करण्याआधीचा तारखेसह रिपोर्ट इथेच कामाला येतो.

भोगवटा प्रमाणपत्र महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर तुमच्या प्रोजेक्टच्या पानावरून काढून वाचा. ते भाग भोगवटा (काही भागापुरतंच) असेल तर कोणती इमारत आणि कितवे मजले ते लिहिलेलं असतं. अकरावा त्यात आहे ना, एवढं बघा. इतर वाचकांसाठी: प्रमाणपत्राच्या आधी 'फिट-आउट पझेशन' म्हणून चावी देतात, तो ताबा नव्हे. तिथे इन्स्पेक्टरपेक्षा आधी वकील गाठावा.

कार्पेट: रेराच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, उघडी गच्ची धरत नाहीत, पण आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात. म्हणजे खोल्यांची लांबी-रुंदी गुणून बेरीज केली की आकडा कमी येतो आणि लोक उगाच भांडायला जातात. आतल्या भिंतींची जाडी मिळवा. मॉडेल करारात फरकाची मर्यादा ३ टक्के आहे, ६२ चौ. मीटरला ती १.८६, म्हणजे साधारण २० चौरस फूट. त्याहून जास्त घट निघाली तर पैसे परत मागता येतात. मोजमापाचा तक्ता इन्स्पेक्टरकडून खोलीवार, मिमीमध्ये घ्या.

---

मोशी_अकरावा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. ४८ तास पाणी भरायचं म्हणजे इन्स्पेक्टरच्या दोन भेटी आल्या. आणि यादी शंभरावर गेली तर ताबा घ्यायचा की नाही? घरच्यांचा मिस्त्री अजून शर्यतीत आहेच.

---

साइट_सिव्हिल

मिस्त्रीला जरूर न्या, लाद्या आणि उतार त्याच्याइतके कोणाला कळत नाहीत. पण मेगर त्याच्याकडे नसतो आणि त्याच्या सहीच्या कागदाला पुढे वजन नसतं. आपल्याकडे घर-तपासनिसाचा वेगळा सरकारी परवाना नाही, कोणीही बोर्ड लावू शकतो. त्यामुळे कोटेशनच्या आधी तीन गोष्टी मागा: आधीच्या एखाद्या कामाचा नाव खोडलेला पूर्ण रिपोर्ट, प्रत्यक्ष येणाऱ्या माणसाचं शिक्षण, आणि रिपोर्टवर सही कोणाची. कंपनीचा मालक बोलतो आणि साइटवर मोबाइल ॲप घेऊन नवशिका पोरगा येतो, हे फार चालतं. जो स्वतः वॉटरप्रूफिंग किंवा इंटीरिअरचंही काम घेतो, तो टाळा. त्याला दोष सापडण्यात वेगळाच रस असतो. बिल्डरने सुचवलेलाही नको.

भेटी दोन नाही, तीन धरा: पाणी भरायच्या दिवशीची पूर्ण तपासणी, ४८ तासांनी अर्ध्या तासाची, आणि दुरुस्तीनंतरची. तिसरी दरात आहे का ते आधी विचारा, जीएसटी १८ टक्के वेगळा. तुमच्या दोघांपैकी जो मेगर आणि आरसीसीबी टेस्टर आणणार असेल आणि पाणी भरायला तयार असेल, तो घ्या. हॅमर नसला तरी चालेल.

यादी शंभराची होईलच, घाबरू नका. त्यातले ऐंशी रंग, चरे, बिजागरी, ग्राउट असतात. प्रत्येक ओळीत खोली, कोणती भिंत, फरशीपासून किती उंचीवर, काय आहे आणि फोटो नंबर. जागेवर निळ्या टेपचा तुकडा आणि त्यावर तोच नंबर. 'बेडरूममध्ये ओल' असं मोघम लिहिलंत तर दुरुस्तीला येणारा माणूस भलतीच भिंत रंगवून जातो.

---

करारनामा_वाचा

ताबा घ्यायचा की नाही यावर माझं मत: अर्थिंग नाही, पाणी झिरपतंय, नळाला पाणी किंवा वीज नाही, लिफ्ट चालू नाही, यांपैकी काही असेल तर दुरुस्तीआधी ताबापत्रावर सही नको, आणि कारण त्याच दिवशी लेखी कळवा. पोकळ लाद्या, खिडक्यांचे ट्रॅक, आरपार चिरा यांना तारीख लावून घ्या. बाकीची किरकोळ यादी जोडून ताबा घ्या. रंगाच्या डागासाठी सही अडवलीत तर ते देखभालीचं बिल सुरू करतील आणि भांडण भलतीकडे जाईल.

३० दिवसांत काही झालं नाही तर मेलसोबत रजिस्टर पोस्टानेही कळवा. त्यानंतर महारेराचा सलोखा मंच किंवा थेट तक्रार, तक्रारीची फी ५,००० रुपये.

---

कोबा_आणि_ट्रॅप

एक राहिलं. दुरुस्तीनंतर ओलीच्या जागी ताजा रंग दिसला तर लगेच 'झालं' म्हणू नका. बाथरूममध्ये पुन्हा पाणी भरून ४८ तास थांबायचं आणि मीटर आधीच्याच जागांवर लावायचा, म्हणून पहिल्या भेटीत त्या जागांचं फरशीपासूनचं आणि कोपऱ्यापासूनचं अंतर लिहून ठेवायला सांगा. आणि प्लग काढल्यावर पाणी किती वेळात उतरतं तेही बघा. ट्रॅपमध्ये अजून कचरा असेल तर तेव्हा कळतं.